बाल्कनीत टांगलेली हवा मोजायची डबी, वर्षभर वापरून

गेल्या दिवाळीनंतर सासूबाईंचा खोकला महिनाभर हटेना, डॉक्टर म्हणाले धूळ-धूर सांभाळा, आता चेंबूरला राहून धूळ-धूर सांभाळा म्हणजे पाण्यात राहा पण भिजू नका म्हटल्यासारखंच, पण असो. घरात दोन पक्ष पडले. नवऱ्याचं म्हणणं प्युरिफायर घेऊ. माझं म्हणणं आधी कळू तरी दे हवा नक्की कधी खराब असते आणि कुठून येते, मग घालू हजारो रुपये. दूधवाल्याच्या खाड्यांपासून सगळ्या मोजमापाचं खातं आमच्याकडे माझ्याकडेच असल्यामुळे माझा पक्ष जिंकला आणि साडेचार हजाराची हवा मोजायची डबी ऑनलाइन मागवली. आता तिला वर्ष झालं. पहिल्या आठवड्यात लिहिलेले पाच स्टारवाले रिव्ह्यू मीही वाचूनच घेतली होती, म्हणून म्हटलं वर्षभर वापरल्यानंतरचा एखादा तरी असू दे.

कंपनीचं नाव टाकत नाही. हीच डबी चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फोटोपण तेच, फक्त स्टिकर वेगळा, त्यामुळे मी जे सांगतेय ते अशा बऱ्याच डब्यांना लागू पडेल.

दिसायला साबणाच्या पेटीएवढी, पांढरी, पुढे रंगीत काच. बाजूला बारीक जाळी आहे आणि आत नखाएवढा पंखा गुणगुणत असतो, रात्री खोली शांत झाली की तो ऐकू येतो. काम करायची पद्धत मला मुलाने समजावली आणि मग पटली, दुपारी खिडकीतून कवडसा पडतो त्यात धूळ तरंगताना दिसते ना, तेच. पंखा हवा आत ओढतो, आत लेसरचा कवडसा, कण आडवे आले की उजेड विखुरतो, तो विखुरलेला उजेड मोजून डबी आकडा देते. आकडा पीएम 2.5 चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे, जे नाकात अडकत नाहीत, सरळ फुप्फुसात खोल जातात. बाकी काचेवर पीएम 10, फॉर्मल्डिहाइड नावाचा झोंबरा वायू, टीव्हीओसी म्हणजे वासाच्या वायूंची बेरीज, कार्बन डायऑक्साइड, तापमान, आर्द्रता असं सगळं लग्नाच्या पत्रिकेसारखं भरगच्च लिहून येतं. त्यातलं कामाचं किती ते पुढे सांगते.

आधी भांडणाचं सांगते, कारण ते पहिल्याच दिवशी झालं.

मी उत्साहात डबीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं बघा आपल्याकडची हवा, 150. पाच मिनिटांत सी विंगचे एक काका केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या (सीपीसीबी) समीर ॲपचा स्क्रीनशॉट घेऊन हजर, त्यात आकडा 92, रंग हिरवा, खाली लिहिलेलं समाधानकारक. मग काय, मॅडम चायनीज माल घेतला की असंच होणार, मग दुसरे म्हणाले सरकारी आकड्यावर विश्वास ठेवणारे तुम्हीच बरे, मग कोणीतरी 2014 च्या आधीच्या हवेवर गेलं आणि मग ॲडमिनने दोन तास ग्रुप बंद ठेवला. मी रात्री बसून शोधलं तेव्हा कळलं की दोघंही खरे होते. हवेत पीएम 2.5 चं प्रमाण घनमीटरला 55 मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या भारतीय मोजपट्टीत त्याचा एक्यूआय, म्हणजे हवेचा निर्देशांक, येतो 92 च्या आसपास, आणि अमेरिकन मोजपट्टीत तीच हवा जाते 150 ला. डबी अमेरिकन पट्टीने दाखवते आणि तसं कुठेही लिहिलेलं नाही! शिवाय सरकारी आकडा असतो 24 तासांच्या सरासरीचा, त्यात पीएम सोडून इतर वायूपण धरतात, आणि डबी सांगते आत्ता या क्षणाचं. म्हणजे एक जण महिन्याचं लाइट बिल दाखवतोय आणि दुसरा मीटरचं फिरणारं चाक, आणि दोघं एकमेकांना खोटारडे म्हणतायत.

तर घेणाऱ्यांसाठी पहिली सूचना ही, एक्यूआयचा मोठा आकडा बघूच नका, सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोग्रॅमवाला आकडा मोठा करून घ्या. आपल्या देशाचं मानक 24 तासांना 60 आहे, डब्ल्यूएचओने 2021 मध्ये स्वतःचं 15 वर आणलं. या दोन आकड्यांच्या मध्ये आमची चेंबूरची चांगली हवा बसते, वाईट हवेचं सोडा.

आणि खरेपणा किती? वर्षभर मी देवनार आणि चेंबूरच्या सरकारी केंद्रांचे आकडे बाजूला ठेवून बघितले. तीही काही आमच्या बाल्कनीत नाहीत, त्यामुळे बरोब्बर जुळायची अपेक्षा नव्हती, पण चढ-उतार जुळतो, वाढली तर दोन्हीकडे वाढते. हवा दमट असली की डबी थोडं जास्त दाखवते. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि लेसरला ते मोठे वाटतात, सरकारी यंत्रं हवा गरम करून कोरडी करतात मग मोजतात, या डबीला ते कुठून जमणार. कुकरची शिट्टी झाली आणि वाफ तिच्या तोंडावर गेली की सरळ 300. ती वाफ आहे, विष नाही, घाबरू नका. सासूबाई पहिल्या दिवशी घाबरल्या होत्या आणि अर्ध्या तासाने वरणभात खायला तयार नव्हत्या.

कार्बन डायऑक्साइडचा आकडा मात्र शुद्ध थाप आहे, स्पष्ट सांगते. तो मोजायला वेगळा इन्फ्रारेड सेन्सर लागतो आणि तो महाग असतो. या स्वस्त डब्या हवेतल्या वासाच्या वायूंवरून अंदाज बांधून आकडा ठोकून देतात. मी खात्री केली, मुलाला म्हटलं डिओ मार, त्याने मारला, कार्बन डायऑक्साइड 430 वरून 2000 च्या वर. डिओतून कार्बन डायऑक्साइड निघतो का एवढा? कांदा चिरला तरी वाढतो. फॉर्मल्डिहाइडचंही तसंच, संत्रं सोललं की डबी लाल होते. तापमान दोन-तीन अंश जास्त, कारण डबी स्वतःच तापते. म्हणजे सात आकड्यांपैकी विश्वास ठेवण्यासारखा एक, आणि साडेचार हजार त्या एकाचे.

आता गंमत. ग्रुपवरचं भांडण मिटल्यावर लोकांना त्या आकड्याची सवय लागली. सकाळी आठला मी फोटो टाकायचे, उशीर झाला की मेसेज, ताई आज काय लागला? आमच्या इथल्या जुन्या मंडळींना आकडा लागणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, टिळकनगरच्या जुन्या म्हाडाच्या बिल्डिंगींमध्ये वाढलेली माणसं ती, मटक्याचा ओपन-क्लोज ऐकतच मोठी झाली. पहिल्या मजल्यावरचे आजोबा तर रोज लिहायचे, ओपन 68, क्लोज संध्याकाळी कळवा.

यातून पोरांनी गेम काढला. आमचे चिरंजीव पंधरा वर्षांचे, एरवी कानाला हेडफोन आणि तोंडात शिव्या, बीजीएमआय हा गोळीबाराचा मोबाइल गेम खेळतात, अकाउंटवर वय वडिलांचं. त्यांचं एक डिस्कॉर्ड सर्व्हर आहे, म्हणजे गेमवाल्यांचा गप्पांचा ऑनलाइन अड्डा, त्यात नागपूरचा एक, कोल्हापूरचे दोघं, दिल्लीचा एक. दिल्लीवाल्याची नोव्हेंबरात हवेमुळे शाळा ऑनलाइन झाली तेव्हा तो दिवसभर ऑनलाइन, आमच्या पोराला त्याचा हेवा! मी म्हटलं बाबा रे त्याच्याकडे 450 आहे, तर म्हणे आई पण रँक बघ त्याची. तर या पोरांनी ठरवलं की रोज रात्री दहाच्या आत दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा आकडा ओळखायचा, जो सगळ्यात जवळ त्याला आठवड्याने बाकीच्यांनी वडापाव द्यायचा. बिल्डिंगमधली अकरा पोरं, शिवाय डिस्कॉर्डवरची चार पाहुणे म्हणून. सेक्रेटरी म्हणाले हा जुगार आहे, सोसायटीच्या आवारात चालणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला तेव्हा त्यांनी त्याची बातमी मला पर्सनलवर पाठवली, वडापावसाठी!

पण पोरं काय शिकली ते बघा. पहिले पंधरा दिवस नुसते अंदाजपंचे. मग माझ्या मुलाच्या लक्षात आलं की दुपारी आकडा पडतो आणि पहाटे चढतो, दर दिवशी, आणि ज्या रात्री वारा पडलेला असतो त्याच्या दुसऱ्या दिवशी जास्तच. दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि सगळं ढकलून नेतो, रात्री जमीन गार होते, वारा उलटा जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद, आणि थंडीत वर गरम हवेचं झाकण बसतं त्यामुळे खालचा धूर खालीच कोंडतो. भूगोलात खारे वारे-मतलई वारे पाठ करून दोन मार्क मिळवणारी पोरं, आता वाऱ्याचं ॲप उघडून म्हणायची उद्या ब्लू झोन (गेममधला अंगावर येणारा घातक घेरा) लवकर येणार, 110 लाव. एक वर्षाची वडापावची थकबाकी सध्या सी विंगच्या एका मुलीला येणं आहे, ती सगळ्यांना हरवते आणि सांगत नाही कशी.

डबीला काय दिसत नाही तेही सांगायला पाहिजे, कारण आमची खरी दुखणी तीच आहेत.

आमच्या चारी बाजूंनी रिडेव्हलपमेंट. टिळकनगर गेल्या काही वर्षांत ज्याने बघितलंय त्याला माहितेय, चार मजली जायच्या आणि तेवीस मजली यायच्या. पलीकडच्या प्लॉटवर तोडकाम चालू होतं तेव्हा बाल्कनीच्या कठड्यावर सकाळी पुसलं तर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं, तुळस राखाडी, आणि डबी सांगतेय 58, पिवळा. मी म्हटलं हिचं डोकं फिरलंय. पण तिचा दोष नाही, बांधकामाची धूळ जाड असते, असे जाड कण ती धड मोजूच शकत नाही, पीएम 10 चा जो आकडा दाखवते तो बारीक कणांवरून लावलेला हिशोब असतो. मी तोच फोटो घेऊन साइटवर गेले होते, इंजिनिअर हसून म्हणाला मॅडम तुमचंच मशीन सांगतंय की ठीक आहे. तोंडावर पडले. महापालिकेची ऑक्टोबर 2023 ची नियमावली आहे, एक एकरापेक्षा लहान प्लॉटला 25 फूट उंच पत्रे, मोठ्याला 35 फूट, पाडकामाला ओलं हिरवं कापड, पाण्याचे फवारे, आणि डेब्रिजचे ट्रक झाकून न्यायचे. पत्रे आमच्यासमोर बारा फूट होते. शेवटी वॉर्ड ऑफिसला तक्रार करताना डबीचा आकडा एका शब्दाने काढला नाही, मोजपट्टी धरून पत्र्याचा फोटो आणि कठड्यावर बोटाने लिहिलेल्या नावाचा फोटो दिला. तीन आठवड्यांनी पत्रे वाढले. 25 झाले का? मी मोजले नाहीत, थकले होते.

तसाच माहुलकडून येणारा वास. रात्री कधीतरी अकरा-साडेअकराला येतो, कधी कुजक्या अंड्यासारखा, कधी पेट्रोल पंपासारखा, डोळे चुरचुरतात, आणि काच हिरवीगार. असले वायू तिला धड कळत नाहीत. चेंबूरला गॅस चेंबर उगाच म्हणत नाहीत, रिफायनऱ्या, खताचा कारखाना, केमिकलच्या टाक्या सगळं एका कुशीत. ऑगस्ट 2020 मध्ये हरित लवादाने माहुल-आंबापाड्याच्या हवेपायी चार कंपन्यांना मिळून 286 कोटी भरायला सांगितले होते, आणि आमची डबी म्हणतेय गुड, वर हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याचा मला जो राग येतो तो कंपनीला कळवायचा होता पण त्यांच्या फॉर्ममध्ये फक्त बिघाडच नोंदवता येतो.

आणि मग घरातलं. बाहेर 70 असताना स्वयंपाकघरात 250, रोज साडेबारा आणि रात्री आठ. मी शोधत बसले कुठून येतंय, मुलगा म्हणाला आई तूच आहेस. फोडणी! मिरची करपली तर 400. कापूर-धूप लावला की 500 च्या पुढे, कछुआ छाप कॉइलला तर विचारूच नका. एवढे दिवस मी खिडक्या बंद करून बाहेरची हवा अडवत होते आणि आतली कोंडत होते. चिमणी होती, वाजते म्हणून लावायचे नाही, आता लावते. कॉइल बंद, मच्छरदाणी आणली. सासूबाईंचा धूप मात्र नाजूक विषय होता. मी डबी नेऊन दाखवली तर म्हणाल्या देवासमोर मीटर लावतेस होय. महिनाभर अबोला. मग त्यांनीच आपणहून धूपदानी बाल्कनीत नेली, तर वरच्या मजल्यावरच्यांचा फोन की आमच्याकडे धूर येतो, आमचं बाळ लहान आहे. मग अगरबत्ती एकच, आणि धूप फक्त पौर्णिमेला, तोही वर फोन करून सांगून. खोकला कमी झाला, पण तो डबीने की इनहेलर वेळेवर घेतल्याने ते मी सांगू शकत नाही. प्युरिफायर अजून घेतलेला नाही, नवऱ्याचा पक्ष विरोधात बसलाय.

आता ती गोष्ट जिच्यामुळे मी या डबीला पाच स्टार पण देऊ शकत नाही आणि एक पण नाही.

जानेवारीत रोज पहाटे पावणेसहाला आकडा एकदम 90 वरून 220 ला उडी मारायचा आणि सातपर्यंत खाली यायचा. रोज. वाऱ्याने होणारी वाढ अशी घड्याळ लावून येत नाही. मी ग्राफचा फोटो ग्रुपवर टाकला, लिहिलं कोणीतरी रोज काहीतरी जाळतंय. झालं. पहिला संशय मागच्या गल्लीतल्या बेकरीवर. त्याच महिन्यात हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं होतं, पेपरात रोज येत होतं, त्यामुळे सगळे त्यावर तुटून पडले, आणि मग बेकरीचा मालक कोण, कुठला, यावर गाडी घसरली, पुढचं सांगायची गरज नाही, असे ग्रुप सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. मी तेव्हा गप्प बसले. गप्प बसायला नको होतं. त्याची भट्टी विजेवर जाऊन दोन वर्षं झाली होती, मी स्वतः तिथून पाव आणते, मला दिसत होती.

शेवटी मुलगाच म्हणाला आई फिरून बघू ना, गेममध्ये पावलांचा आवाज मोठा होत जातो तिकडे जायचं असतं, तसं. पहाटे सहाला आम्ही दोघं स्वेटर घालून डबी हातात धरून बिल्डिंगभोवती फिरलो, आकडा वाढेल तिकडे. मीटर रूमच्या मागे पोचलो तर आमचाच रात्रीचा वॉचमन, पुठ्ठे, पालापाचोळा आणि थर्माकोलचे तुकडे पेटवून त्यावर डब्यात पाणी तापवत बसलेला. मी काय केलं? फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मला अगदी डिटेक्टिव्ह झाल्यासारखं वाटलं होतं, खरं सांगते, दीडशे लोकांच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडत होते.

दुपारपर्यंत सेक्रेटरींनी त्याला झापलं, पगारातून पाचशे कापणार म्हणाले, ग्रुपवर कोणीतरी म्हणालं एजन्सीच बदला.

तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात, ग्रुपवर नाहीत, फोन बटणांचा आहे. त्या संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तो बारा तास रात्री बसतो, सकाळी इथेच आंघोळ करून दुसऱ्या ड्युटीला जातो. केबिनमागच्या नळाला थंडगार पाणी येतं. तुला माहीत होतं का?" मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं त्या केबिनसमोरून जातेय. पालापाचोळा, थर्माकोल जाळणं वाईटच, त्याच्या स्वतःच्याच नाकात सगळ्यात जास्त गेलं असणार, उघड्यावर जाळायला महापालिकेची बंदीही आहे, सगळं बरोबर. पण मी डबीचं ऐकून सरळ दीडशे जणांना सांगितलं, आणि दहा पावलांवर बसलेल्या माणसाला विचारलं नाही की दादा हे कशासाठी.

काकूंनी त्यांच्याकडची जुनी पाण्यात टाकायची रॉड दिली, मी बादली आणि थ्री-पिनचं बोर्ड नीट करून घेतलं, इलेक्ट्रिशियनचे साडेतीनशे लागले. रॉडवर सेक्रेटरींचा आक्षेप की कॉमन मीटरवर लोड येतो, त्यावर पहिल्या मजल्यावरचे ओपन-क्लोजवाले आजोबा ग्रुपवर बरसले की गणपतीत कॉमन मीटरवर महिनाभर माळा चालतात तेव्हा लोड कुठे जातो. त्यानंतर कोणी बोललं नाही. कापलेले पाचशे परत मिळवायला मात्र मार्च उजाडला, तेही मी दोन मीटिंगना जाऊन बसले तेव्हा. वॉचमनला मी सॉरी म्हटलं तर तो म्हणाला, "छोड़िए मॅडम, धुआँ तो था ही." याच्यावर काय बोलणार. बेकरीवाल्याला कोणी सॉरी म्हटलं नाही. मी पण नाही, फक्त पाव तिथूनच आणते आणि ग्रुपवर आता फोटो टाकताना फक्त आकडा टाकते, कारण लिहीत नाही.

पहाटेची ती उडी गेली. पूर्ण नाही, 90 ची 120 अजून होते, ती हायवेवरच्या ट्रकांची की आणखी कशाची माहीत नाही, ती शोधायला मी स्वेटर घालून जाणार नाही.

दिवाळीचं एका वाक्यात, लक्ष्मीपूजनाला रात्री साडेनऊला आकडा 999 ला जाऊन थांबला, कारण काचेवर चौथ्या आकड्याला जागाच नाही. ग्रीन फटाक्यांची खोकी घेऊन खाली उतरलेल्यांना मी काही बोलले नाही, नीरी या सरकारी संशोधन संस्थेने काढलेले ते फटाके साधारण तीस टक्के कमी धूर करतात, म्हणजे सत्तर टक्के करतातच, पण आमच्याच घरचे चिरंजीव खाली होते.

आता सर्व्हिस. आठव्या महिन्यात पंखा घरघर करायला लागला. वॉरंटी एक वर्ष लिहिलेली, हेल्पलाइनवर मशीन बोलतं, मग ईमेल, मग त्यांचं उत्तर की युनिट धुळीच्या वातावरणात वापरल्याने वॉरंटी लागू नाही. हवा मोजायचं यंत्र धुळीत वापरलं म्हणून!! मी तो ईमेल जपून ठेवलाय, पाहुणे आले की दाखवते. शेवटी मुलाने व्हिडिओ बघून मागचे चार स्क्रू काढले, रंगवायच्या ब्रशने जाळी साफ केली, आत एक मेलेला डास होता, झाली सुरू. म्हणजे महिन्यातून एकदा जाळी साफ करायची, हे त्यांनी पुस्तिकेत लिहायला हवं होतं, पुस्तिकेत मात्र पान भरून लिहिलंय की डबी पाण्यात बुडवू नये.

बाकी किरकोळ : बॅटरी तीन तास म्हणतात, पावणेदोन तास चालते. ॲप लोकेशन, मोबाइल नंबर आणि कॉन्टॅक्ट लिस्ट मागतं, कॉन्टॅक्ट लिस्ट कशाला हवीय हवेला देव जाणे, नाही म्हटलं तरी चालतं. बीप बंद करायचं बटण नाही, रात्री कोणी फटाका लावला तरी ही ओरडते, मी भोकावर चिकटपट्टी लावली. मराठी नाही, हिंदीपण नाही. ग्राफ फक्त सात दिवसांचा राहतो, जुना पुसला जातो, म्हणून मी वहीत लिहिते, दूधवाल्याच्याच.

घ्यावी का? घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल आणि घरातला धूर शोधायचा असेल तर घ्या, महिन्याभरात पैसे वसूल होतात आणि त्यानंतर ती शेजाऱ्यांना फिरवायला द्या, आमची सध्या वरच्या मजल्यावर बाळाच्या खोलीत आहे, रविवारी परत येणार, तोवर पोरांचा गेम सरकारी आकड्यावर चालू आहे आणि सी विंगची मुलगी तरीही जिंकतेय. बिल्डरशी किंवा कारखान्याशी भांडायला हवी असेल तर घेऊ नका, उलटी अंगावर येईल. माझ्याकडून पाचपैकी तीन. अर्धा ईमेलचा कापला, अर्धा हसऱ्या चेहऱ्याचा, एक थापेच्या कार्बन डायऑक्साइडचा.

आणि हो, सोबत येणारी चार्जिंगची वायर दीड वीत आहे फक्त, बाल्कनीपर्यंत पोचत नाही, लांब वायर आधीच आणून ठेवा.